‘अन्याय झाला’ एवढ्यावर कोर्ट का हलत नाही

एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: वडील गेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आजोबांनी बांधलेलं घर, बँकेतल्या ठेवी, सगळं रजिस्टर्ड मृत्युपत्राने भावाच्या नावे. शेवटची सहा वर्षं वडिलांचं औषधपाणी, अंथरुणातलं सगळं आणि रात्रीची जागरणं या अविवाहित मुलीने काढली. भाऊ पुण्याला, दिवाळीला यायचा. वकिलांकडे गेल्या तर त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, “यात केस बनत नाही.” ताई विचारतात, “हा अन्याय नाही, तर मग अन्याय म्हणजे काय? कायद्याच्या पुस्तकात त्याची व्याख्या आहे की नाही?”

ताई, व्याख्या नाही. तुमचे वकील म्हणाले ते अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लांबलचक उत्तर लिहितो आहे. मी बडोद्याच्या कोर्टात तीसेक वर्षं दिवाणी बाजूचं काम करतो, आणि ‘साहेब, माझ्यावर अन्याय झालाय’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा एकही आठवडा गेलेला नाही.

मी नवा होतो तेव्हा कोर्ट न्यायमंदिर नावाच्या जुन्या इमारतीत भरायचं. आता ते दिवाळीपुऱ्याला गेलं, २०१८ साली. पण १८९६ सालची ती इमारत, मधल्या दालनातला चिमणाबाई महाराणींचा पुतळा आणि त्याच्या आसपास टेकून बसलेले पक्षकार अजून डोळ्यांपुढे आहेत. पहिला दावा मी तिथल्याच बाकावर बसून लिहिला. खालच्या कोर्टाची भाषा गुजराती, त्यामुळे मराठीत विचार करायचा आणि गुजरातीत उतरवायचं. ‘वादीवर घोर अन्याय झालेला आहे’ हे मी तीनदा लिहिलं होतं. माझे सीनियर रावपुऱ्यातले, चार पिढ्या बडोद्यात. त्यांनी पेन्सिलीने तिन्ही ठिकाणी काट मारली आणि समासात लिहिलं: “कोणी? कधी? कुठला हक्क?” वर म्हणाले, “अन्याय झाला की नाही ते निकालात लिहायचं काम जजसाहेबांचं. तू तारखा दे.”

तेव्हा ते मला कोरडं वाटलं. पुढे कळलं की त्या तीन प्रश्नांत सगळं दिवाणी कायद्याचं शास्त्र आलं. आधी हक्क हवा, मग त्या हक्काचा भंग हवा, आणि त्या भंगावर कायद्याने दिलेली दाद हवी. तिन्ही असतील तर केस बनते. यातलं एक नसेल तर कितीही जीव तळमळला तरी कोर्टाचा हात पुढे येत नाही.

‘दाद’ हा शब्द बघा. आपण गाण्याला दाद देतो, आणि कोर्टात दाद मागतो. फारसीत दाद म्हणजे न्यायच. दाव्याच्या शेवटी ‘म्हणून अशी दाद मिळावी’ असा परिच्छेद असतो, आणि जज बहुतेकदा तोच आधी वाचतात. ‘फिर्याद’ही फारसीच, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. म्हणजे आपल्या कोर्टातले जुने शब्द काय हवं ते सांगणारे आहेत. काय वाटलं ते सांगणारा शब्द ‘अन्याय’, आणि तो घरात, गल्लीत, वर्तमानपत्रात राहिला.

गंमत म्हणजे जुन्या मराठीत अन्यायाचा अर्थ गुन्हा, चूक असाही होता. ‘लेकराचे अन्याय पोटात घाला’ असं आपल्या आज्या म्हणत, तेव्हा अन्याय करणारं ते लेकरूच असायचं. आज आपण हा शब्द सोसणाऱ्याच्या बाजूने वापरतो: माझ्यावर झाला. शब्दाने बाजू बदलली. आणि न्याय हा शब्द तरी कुठे सरळ आहे? मोठा मासा लहान माशाला गिळतो त्यालाही आपण मत्स्यन्याय म्हणतो. तिथे न्याय म्हणजे नुसती रीत, जगाची चाल. ‘बळी तो कान पिळी’ म्हणणाऱ्या भाषेला जगाबद्दल फारसे भ्रम नव्हते.

कायद्यात ‘अन्याय’ कुठेच नाही असंही नाही. संविधानाच्या उद्देशिकेत सामाजिक, आर्थिक, राजनैतिक न्याय आहे. आणि कलम ४६ मध्ये दुर्बल घटकांचं, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचं, सामाजिक अन्यायापासून रक्षण करावं असं राज्याला सांगितलं आहे. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत मोडतं, आणि ती तत्त्वं कोर्टातून अंमलात आणता येत नाहीत असं कलम ३७ म्हणतं. हा शब्द जिथे आला तिथे त्याला कोर्टाच्या दाराबाहेर बसवलं, हे मला नेहमी बोलकं वाटतं.

फौजदारी कायद्याने दुसरीच वाट धरली. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम २ मध्ये ज्याची व्याख्या आहे तो शब्द ‘क्षती’: कोणाच्याही शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदेशीरपणे पोचवलेली कोणतीही हानी. जुन्या दंड संहितेच्या कलम ४४ मध्येही हेच होतं. यातला ‘बेकायदेशीरपणे’ हा शब्द काढला तर रोजच्या भाषेतला अन्याय उरतो. मनाला लागलं, नाव खराब झालं, पैसा गेला. तेवढ्या एका क्रियाविशेषणासाठी आम्ही वकील फी घेतो.

दोन उदाहरणं देतो, म्हणजे फरक पक्का होईल.

तुमची सेव-उसळची गाडी आहे. वीस वर्षं जम बसलेला. समोर कोणी नवी गाडी लावली, तर्री जास्त झणझणीत केली, पाव फुकट दिले, आणि तुमचं गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं. नुकसान खरं आहे, घरात चूल मंदावली. पण तुमचा हक्क कुठला मोडला? गिऱ्हाईक तुमच्या मालकीचं नव्हतं. इंग्लंडात १४१० साली हाच प्रश्न आला होता. एका शिक्षकाने जुन्या शाळेजवळ नवी शाळा काढली, जुन्यांना फी उतरवावी लागली, ते कोर्टात गेले आणि हरले. सहाशे वर्षं झाली, तत्त्व तेच: नुकसान आहे, पण हक्कभंग नाही. समोरच्याने तुमचं नाव किंवा तसाच दिसणारा बोर्ड लावून गिऱ्हाईक फसवलं असतं, तर गोष्ट वेगळी.

आता उलट बाजू. तुम्ही मतदानाला गेलात, यादीत नाव आहे, तरी अधिकाऱ्याने मत देऊ दिलं नाही. तुमचा उमेदवार तरीही निवडून आला. तुमचं काय नुकसान झालं? छदामही नाही. १७०३ साली इंग्लंडात अ‍ॅश्बी नावाच्या मतदाराच्या खटल्यात नेमकं हेच घडलं, आणि न्यायमूर्ती होल्ट यांनी सांगितलं की हक्क मोडला एवढं पुरे. आपल्याकडे जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना पोलिसांनी बेकायदा अडकवून ठेवलं, विधानसभेला जाऊ दिलं नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५०,००० रुपये भरपाई दिली.

तर नुकसान आणि हक्कभंग ही दोन वेगळी खाती आहेत. सामान्य माणूस दोन्ही एकाच वहीत लिहितो. त्यात त्याची चूक नाही, कारण दुखतं दोन्हीकडे सारखंच.

आता जरा लांबचं वळण घेतो, कारण बडोद्यात राहून अन्यायावर लिहायचं आणि मल्हाररावांचं नाव घ्यायचं नाही हे शक्य नाही.

नोव्हेंबर १८७४ मध्ये इथला रेसिडेंट, म्हणजे संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याने तक्रार केली की आपल्या सरबतात विष घातलं गेलं. तपासात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड निघाली असं सांगण्यात आलं. संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर. त्याच्या काही दिवस आधीच मल्हाररावांनी याच फेअरला हलवावं म्हणून व्हाइसरॉयला खलिता पाठवला होता. म्हणजे दोघांचं आधीपासून बिनसलेलं. १८७५ च्या जानेवारीत महाराजांना अटक झाली आणि सहा जणांचा चौकशी आयोग बसला. तीन इंग्रज: बंगालचे मुख्य न्यायाधीश रिचर्ड काउच, मीड आणि मेल्विल. तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलेंटाइन हा नावाजलेला बॅरिस्टर आणला होता, आणि त्याच्या उलटतपासणीत रेसिडेन्सीच्या नोकरांच्या जबान्या बऱ्याच उसवल्या. निकाल तीन-तीन. इंग्रजांच्या मते दोषी. आपल्या तिघांच्या मते आरोप सिद्ध नाही.

मग काय झालं? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं. कारण? विषप्रयोग नव्हे. जाहीरनाम्यात कारण दिलं ते उघड गैरवर्तन, कारभाराचा बट्ट्याबोळ आणि सुधारणा करण्याची असमर्थता. त्यांना मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ साली ते वारले.

वकिलाच्या डोळ्याने पाहा. आरोप एक, सुनावणी त्यावर, आणि शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी. बरं, त्या दुसऱ्या कारणाची चौकशी १८७३ मध्ये झाली होती, आणि तिच्या अहवालावरून महाराजांना कारभार सुधारायला १८७५ अखेरपर्यंत मुदत दिलेली होती. मुदत संपायला आठ महिने असताना गादी गेली. शिवाय त्या पहिल्या चौकशीचा प्रमुख मीड होता, आणि विषप्रयोगाच्या आयोगातही मीड होता. ज्याने आधीच मत बनवलंय त्याला पुन्हा न्यायाला बसवू नये, ही गोष्ट आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये क्रायपाक प्रकरणात एका निवड समितीचा निर्णय रद्द केला, कारण समितीवर बसलेला अधिकारी स्वतःच त्या जागेचा उमेदवार होता. आपली पाळी आली की तो उठून बाजूला बसत होता, तरीसुद्धा.

तेव्हा मल्हाररावांवर अन्याय झाला. मी तर तसंच म्हणेन. पण १८७३ च्या आयोगापुढे बडोद्यातले सावकार, रयत, पूर्वीच्या महाराजांच्या मर्जीतले लोक रांगेने गाऱ्हाणी घेऊन आले होते: मालमत्ता जप्त, माणसं कैदेत, हाल. त्यांच्यावरही अन्यायच झाला होता आणि तो करणारे मल्हारराव होते. ज्याने अन्याय केला त्याच्यावर अन्याय होऊ शकतो का? घरगुती भाषेत लोक म्हणतील, ‘बरं झालं, फळ मिळालं.’ कायद्याच्या भाषेत मात्र ‘हो’ हेच उत्तर, आणि तिथेच कायदा घरगुती भाषेपेक्षा शहाणा ठरतो. अट्टल गुन्हेगारालाही ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. मल्हाररावांची गादी गेल्यावर महिन्याभराने, २७ मे १८७५ रोजी, कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक आला आणि सयाजीराव झाला. बडोद्याच्या दृष्टीने याहून चांगलं काही घडू शकलं नसतं. पण फळ गोड निघालं म्हणून रीत बरोबर ठरत नाही.

‘ऐकून घेणं’ यालाच आम्ही नैसर्गिक न्याय म्हणतो. खात्यांतर्गत चौकशीतले कर्मचारी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना ‘शिक्षा जास्त’ हा अन्याय वाटत असतो, आणि मी मात्र नोटीस कधी मिळाली, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले का, अहवालाची प्रत दिली का, हे विचारत बसतो. त्यांना वाटतं वकिलाचं लक्ष नाही. पण कोर्ट शिक्षेच्या वजनापेक्षा तिच्या वाटेकडे आधी बघतं. अर्थात प्रत्येक चुकीने निकाल उलटत नाही. १९९३ च्या करुणाकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चौकशी अहवालाची प्रत द्यायलाच हवी. पण ती न दिल्याने कर्मचाऱ्याचं खरोखर काय बिघडलं तेही बघायला हवं. फौजदारीतही तसंच. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५११ म्हणतं की कामकाजात चूक झाली तरी तिच्यामुळे न्यायच फसला असेल तरच निकाल फिरवायचा. इथे कायदा ‘न्याय फसणे’ अशी भाषा करतो, आणि तीही वरच्या कोर्टाचा हात आखडता ठेवण्यासाठी.

पण कधीकधी ती वरच्या कोर्टाचा हात सैलही सोडते. बेस्ट बेकरी खटला आमच्याच शहरातला. दंगलीत १ मार्च २००२ रोजी जमावाने त्या बेकरीवर हल्ला केला, त्यात चौदा माणसं मेली. २७ जून २००३ रोजी इथल्या फास्ट ट्रॅक कोर्टाने सगळे २१ आरोपी निर्दोष सोडले. साक्षीदार उलटले होते, कागदावर पुरावा उरला नव्हता. नियमाने बघितलं तर निकाल व्यवस्थित. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला सारला आणि महाराष्ट्रात फेरखटला चालवायला सांगितलं, कारण साक्षीदार भीतीशिवाय बोलू शकत नसतील तर तो खटला नव्हे, खटल्याचा देखावा. मुंबईत २००६ साली नऊ जणांना शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांतल्या पाच जणांना सोडलं आणि चौघांची कायम ठेवली. निर्दोष सुटका हासुद्धा अन्याय असू शकतो, हे आम्हा वकिलांना शिकवावं लागलं. रस्त्यावरच्या माणसाला ते आधीच माहीत होतं; ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण त्याचीच.

रस्त्यावरचा माणूस पुढे आणि कायदा मागे, याचं सगळ्यात बोचणारं उदाहरणही बडोद्याचंच. १९१७ सालचा सप्टेंबर. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीला आले. गावात अस्पृश्याला कोणी खोली देईना. शेवटी पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावरून वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगितली. दोन ओळखीच्यांकडे विचारलं, दोघांनीही कारणं सांगितली. मुंबईच्या रात्रीच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी कमाठी बागेत काढला.

आता माझ्या सीनियरची पेन्सिल इथे लावा. कोणी? ठाऊक आहे. कधी? तेही. कुठला हक्क? धर्मशाळा पारशांची, नियमाने पारशांसाठी राखलेली. भाडेकरूने खोटं नाव सांगितलेलं. त्या दिवशी हे प्रकरण माझ्याकडे आलं असतं, तर १९१७ चा वकील म्हणून मला सांगावं लागलं असतं, “डॉक्टरसाहेब, यात केस बनत नाही.” उलट धर्मशाळेच्या व्यवस्थापकाची बाजू कायद्याने भक्कम होती. हक्क नव्हता म्हणून भंग नव्हता, भंग नाही म्हणून दाद नाही. आणि तरी तो अन्याय नव्हता असं म्हणायची हिंमत आज कोणाची आहे? पुढे त्याच माणसाच्या अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा झाला. त्यात अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ आलं. दुकान, उपाहारगृह, विहीर यांत जातीवरून अडवायचं नाही हे कलम १५ मध्ये आलं. १९५५ साली अस्पृश्यता पाळणं दंडनीय करणारा कायदा झाला आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधाचा. जिथे हक्क नव्हता तिथे हक्क लिहिला गेला.

सयाजीरावांनीही आपल्या हयातीत अशा काही जागा भरल्या होत्या. बालविवाहाला बंदी १९०४ साली. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा १९३१ साली. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९४७ उजाडलं, आणि सगळ्या देशात १९५५. म्हणजे १९४० साली एकाच तऱ्हेने नांदवली जाणारी एक बाई बडोद्यात दाद मागू शकत होती, आणि रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर मुंबईत तिचीच बहीण ‘नशीब’ म्हणून गप्प बसत होती. दोघींवर होत होतं ते सारखंच.

आता ताई, तुमच्या घराकडे येऊ.

स्वतःच्या कमाईची मालमत्ता माणूस मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो; मुलीला वगळून मुलाला, दोघांना वगळून देवळाला. सेवा केली म्हणून वारसाहक्क वाढत नाही, पुण्याला राहिला म्हणून घटत नाही. त्यामुळे ठेवींबद्दल तुमचे वकील बरोबर आहेत.

घराचं मात्र तसं नाही. ते आजोबांचं. आपण सर्रास ‘वडिलोपार्जित’ म्हणतो, आणि वकिलाला तो शब्द ऐकला की पहिला प्रश्न पडतो: आजोबा कधी वारले? हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. आजोबा त्याआधी गेले असतील आणि त्यांचं मृत्युपत्र नसेल, तर घर तुमच्या वडिलांच्या हाती कुटुंबाचं म्हणून आलं. तसं असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही मुलासारखाच जन्माने हिस्सा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात ते पक्कं केलं. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसावी. मग वडिलांचं मृत्युपत्र त्यांच्या स्वतःच्या वाट्यापुरतंच चालेल. तुमचा वाटा त्यांचा नव्हताच, तर ते भावाला देणार कुठून?

आजोबा १९५६ नंतर, मृत्युपत्र न करता गेले असतील, तर गणित पालटतं. वडिलांना मिळालेला वाटा त्यांचा स्वतंत्र धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदरसेन प्रकरणात ते सांगितलं. तो त्यांनी भावाला दिला तर दिला. पण त्याच कायद्याने आजोबांच्या मुलींनाही मुलांइतकाच वाटा होता. म्हणजे तुमच्या आत्यांना. त्यांनी सिटी सर्व्हेत, म्हणजे शहरातल्या मिळकतींच्या सरकारी नोंदीत, ‘हक्क कमी’ करून दिला होता का? महाराष्ट्रात ज्याला हक्कसोड म्हणतात तोच हा प्रकार. दिला नसेल तर अख्खं घर वडिलांचं कधी नव्हतंच. आणि दिला असेल तर, ताई, राग मानू नका: तेव्हा घरात कोणी ‘आत्यांवर अन्याय झाला’ असं म्हटलं होतं का? माझ्या घरात तरी कोणी म्हटलं नव्हतं. आत्या राखीला आल्या, सही केली, साडी घेऊन गेल्या.

मृत्युपत्रावरही एक नजर टाका. रजिस्टर्ड आहे म्हणून ते खरंच असतं असं नाही. ते खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याला लाभ होतो त्याच्यावर, आणि किमान एक साक्षीदार हयात असेल तर त्याला कोर्टात उभं करावं लागतं. १९५९ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संशयास्पद परिस्थिती म्हणजे काय ते सांगितलं: सही डळमळीत, मृत्युपत्र करणाऱ्याची मनःस्थिती ठीक नाही, लाभ घेणाऱ्यानेच पुढाकार घेतलेला, किंवा परिस्थिती पाहता वाटणी अस्वाभाविक, गैरवाजवी. हे शेवटचं नीट वाचा. पुढच्या दाराने ज्या अन्यायाला कोर्ट आत घेत नाही, तो मागच्या दाराने पुरावा म्हणून आत येतो. ‘सेवा करणाऱ्या मुलीला काहीच का दिलं नाही?’ हा दाव्याचा आधार होत नाही. पण ‘मग हे मृत्युपत्र खरंच वडिलांच्या मनातलं होतं का?’ असा प्रश्न तो उभा करू शकतो. रजिस्ट्रीच्या दिवशी वडिलांची प्रकृती कशी होती, गाडी कोणी बोलावली, साक्षीदार कोणाच्या ओळखीचे, ते लिहून ठेवा. वडील पूर्ण भानावर होते आणि त्यांनी मनानेच तसं केलं, असं तुमचं तुम्हालाच वाटत असेल, तर मात्र हा रस्ता धरू नका. खोटा संशय उलटतपासणीत टिकत नाही, आणि भाऊ कायमचा जातो.

तिसरी गोष्ट तुमच्या वकिलांच्या नजरेतून सुटली असावी. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ मधल्या ‘आश्रित’ या शब्दात अविवाहित मुलगी येते, कोणत्याही वयाची. मृत्युपत्राने किंवा वारशाने तुम्हाला काही मिळालं नसेल, तर ज्याला वडिलांची इस्टेट मिळाली त्याने त्या इस्टेटीतून तुमचा निर्वाह करायचा असतो. तुमची स्वतःची कमाई आणि मालमत्ता कोर्ट विचारात घेईल. रक्कम मोठी नसेल कदाचित. पण ‘अन्याय’ म्हणून जे दार बंद होतं ते ‘निर्वाह’ म्हणून उघडतं.

आणि आज त्या घरात राहत असाल तर कुलूप बदलून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. भाऊ मालक ठरला तरी त्याने कोर्टातून यायचं. जबरदस्तीने काढलं तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याची सोय आहे, आणि त्यात मालकीचा प्रश्न निघत नाही.

मुदतीचं मात्र सांभाळा. उसने दिलेले पैसे तीन वर्षांत मागितले नाहीत की दाव्याला तमादी लागते, आणि समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने स्वतःहून दावा फेटाळायचा असतो. कर्ज खरं, देणेकरी कबूल, तरी वसुली नाही. (त्याने लेखी नवं वचन दिलं तर गोष्ट वेगळी.) अन्यायाला मुदत नसते, दादेला असते. मृत्युपत्र नाकारून हक्क जाहीर करून घ्यायचा असेल तर तीन वर्षं धरून चला.

पैशाची चिंता असेल तर दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जाताना पिशवीत घराचं प्रॉपर्टी कार्ड, आजोबांचा मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची नक्कल, वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांचे दवाखान्याचे कागद. आणि आधी आत्यांना फोन करा. त्यांचाही दावा निघाला तर त्यांना पक्षकार करावंच लागेल, तेव्हा त्यांना हे तुमच्या तोंडून कळलेलं बरं, समन्समधून नको.